द फँटम (१९९६ चा चित्रपट)

द फँटम हा १९९६ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी साहसपट आहे. अमेरिकी लेखक ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेल्या आणि मराठी वाचकांना ‘वेताळ’ या नावाने परिचित असलेल्या चित्रकथा-नायकावर तो आधारलेला आहे. दिग्दर्शन सायमन विन्सर यांचे, पटकथा जेफ्री बोम यांची आणि संगीत डेव्हिड न्यूमन यांचे आहे. बिली झेन यांनी नायकाची भूमिका केली असून क्रिस्टी स्वॉनसन, ट्रीट विल्यम्स, कॅथरीन झीटा-जोन्स, जेम्स रेमार आणि पॅट्रिक मॅकगूहन हे इतर प्रमुख कलावंत आहेत. पॅरामाउंट पिक्चर्सने ७ जून १९९६ रोजी अमेरिकेत तो प्रदर्शित केला. सुमारे ४.५ कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेतील चित्रपटगृहांत सुमारे १.७३ कोटी डॉलरच मिळवले.

चित्रकथांवरून निघालेल्या अपयशी चित्रपटांच्या यादीत त्याचे नाव नेहमी येते. त्याच्या अपयशाचा विचार बहुधा तिकीटविक्रीच्या आकड्यांपाशी थांबतो. मूळ चित्रकथेशी तुलना केल्यास मात्र वेगळी गोष्ट लक्षात येते. अमर भूत असल्याचा केवळ समज पसरवून दुष्टांवर वचक ठेवणारा माणूस, ही फॉक यांची मध्यवर्ती कल्पना होती. चित्रपटाने त्या माणसाभोवती खरीखुरी जादू आणि खरेखुरे भूत आणून ठेवले, आणि त्यामुळे मूळ कल्पनेचा कणाच ढिला झाला.

मूळ चित्रकथा

ली फॉक (१९११–१९९९) यांची ‘मँड्रेक’ ही जादूगार-नायकाची चित्रकथा १९३४ मध्ये सुरू झाली होती. तिच्या यशानंतर १७ फेब्रुवारी १९३६ पासून किंग फीचर्स सिंडिकेटमार्फत ‘द फँटम’ वृत्तपत्रांतून दररोज येऊ लागली. रे मूर, विल्सन मकॉय आणि १९६१ पासून साय बॅरी यांनी तिची चित्रे काढली. रविवारची रंगीत आवृत्ती १९३९ मध्ये निघाली. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा ही पुढे असंख्य नायकांनी उचललेली वेशभूषा प्रथम या नायकाने रूढ केली, असे मानले जाते. सुपरमॅन १९३८ मध्ये आणि बॅटमॅन १९३९ मध्ये अवतरला, म्हणजे दोघेही फँटमचे धाकटे भाऊ ठरतात. त्याच्या पोशाखाचा रंग फॉक यांच्या मनात राखाडी होता. रंगीत आवृत्तीत तो जांभळा झाला आणि तसाच राहिला. स्कँडिनेव्हियात तो निळा, तर इटलीत लाल छापला जाई.

कथेची मांडणी अशी : सोळाव्या शतकात समुद्री चाच्यांच्या हल्ल्यात एका जहाजाच्या कप्तानाचा वध होतो आणि त्याचा मुलगा वाहत जाऊन एका अनोळखी किनाऱ्याला लागतो. तेथील बांदार जमातीचे ठेंगणे लोक त्याला आश्रय देतात. वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो, की आपण आणि आपले वंशज चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध लढत राहू. तो मुखवटा धारण करतो. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा तोच मुखवटा चढवतो, मग नातू, मग पणतू. मुखवट्याआडचा माणूस बदलल्याचे बाहेरच्या जगाला कळत नाही. चारशे वर्षे तोच एक पुरुष रानातून हिंडतो आहे, त्याला मरण नाही, अशी समजूत त्यामुळे पसरते. चित्रकथेत वावरणारा नायक हा या वंशातील एकविसावा पुरुष. त्याचे खरे नाव किट वॉकर.

यात चमत्कार कोठेच नाही. कवटीच्या आकाराच्या गुहेत वीस पूर्वजांची थडगी ओळीने आहेत आणि प्रत्येकाने लिहिलेल्या दैनंदिनीच्या वह्या शेजारी रचून ठेवल्या आहेत. नायकाला गोळी लागते, रक्त येते, ताप भरतो. मेल्यावर तो त्या थडग्यांच्या ओळीत जाऊन निजणार हे त्यालाही ठाऊक आहे. बाहेरचे जग भुताला भिते आणि वाचक माणसाला ओळखतो. कथेची सगळी गोडी या दोन जाणिवांमधल्या अंतरात आहे. उजव्या हातातील अंगठीने मारलेल्या ठोशामुळे गुन्हेगाराच्या हनुवटीवर उमटणारा कवटीचा ठसाही त्याच युक्तीचा भाग. तो ठसा बघून पुढचा गुन्हेगार लढण्याआधीच अर्धा गळाठतो.

कायद्याच्या चौकटीबाहेर राहणारा, तोंड झाकणारा, स्वतःच न्याय करणारा आणि भीती हेच हत्यार मानणारा हा नायक सरळ अर्थाने सज्जन नायक नव्हे. फॉक यांनी त्याला स्वभावाने उदार आणि थोडा विनोदी ठेवल्यामुळे त्याची ही काळी बाजू सहसा जाणवत नाही, एवढेच.

मराठीतील ‘वेताळ’

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मुंबईहून मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका सुरू केली. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांत तिचे अंक निघत. पुढे ‘अमर चित्र कथा’ उभी करणारे अनंत पै हे आरंभीच्या काळात या उपक्रमाशी संबंधित होते. पहिला अंक फँटमच्या कमरपट्ट्याच्या कथेचा होता आणि पहिले ३२ अंक केवळ फँटमच्या कथांना वाहिलेले होते. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी आदी नायक आले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा चंबळच्या पार्श्वभूमीवरचा भारतीय नायक त्यांच्यात सामील झाला. १९९० मध्ये मालिका बंद पडेपर्यंत आठशेहून अधिक अंक निघाले होते. मराठी घरांतील दोन पिढ्यांनी चित्रकथा हा प्रकार प्रथम हाताळला तो बहुतेक या अंकांतून.

‘फँटम’ या शब्दाला मराठीत भूत, पिशाच्च, छाया असे अनेक पर्याय होते. त्यांतून ‘वेताळ’ हा शब्द निवडला गेला आणि तो मूळ नावापेक्षाही चपखल ठरला. वेताळ हा भुतांचा राजा. कोकणात आणि गोव्यात तो ग्रामदेवता म्हणून पुजला जातो. गोव्यात लोलये, पैंगीण, आमोणे, प्रियोळ येथे त्याची देवस्थाने आहेत. तो रात्री गावाच्या शिवेवर फेरी मारतो, गावाचे रक्षण करतो, आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून काही ठिकाणी त्याला चामड्याच्या वहाणा वाहण्याची प्रथा आहे. पुण्यातील वेताळ टेकडीला त्याचेच नाव आहे. शीघ्रकोपी माणसाला ‘आग्यावेताळ’ म्हणतात. शिवाय सोमदेवाच्या ‘कथासरित्सागर’ या अकराव्या शतकातील ग्रंथात समाविष्ट असलेली आणि मराठीत ‘वेताळपंचविशी’ म्हणून आलेली कथामाला आहेच. तिच्यातील, विक्रम राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा वेताळ ‘चांदोबा’ मासिकाने मुलांच्या हाती दिला आणि १९८५ च्या दूरदर्शन मालिकेने घरोघरी पोहोचवला.

भयंकर, तरीही रक्षणकर्ता. भुतांचा, तरीही गावाचा. आणि सतत चालणारा. फॉक यांनी आपल्या नायकाला ‘चालणारे भूत’ असे बिरुद दिले होते आणि ‘वॉकर’ हे त्याचे आडनावही चालण्यावरूनच आले आहे. वहाणा झिजवणाऱ्या ग्रामदेवतेचे नाव त्याला मिळणे हा योगायोग असेल, तर तो मोठा सुंदर योगायोग होय. बंगालीत हाच नायक ‘अरण्यदेव’ झाला. तेथे भर रानावर पडला, भयावर नाही. मराठी वाचकाच्या मनात मात्र तो पहिल्या पानापासून भुताखेतांच्या मुलखातला होता आणि म्हणूनच तो भूत नाही हे कळण्याची गंमत मराठीत दुपटीने होती.

भारतीय संपादकांना आणखी एक अडचण सोडवावी लागली. फॉक यांनी आरंभी आपला काल्पनिक देश आशियात कल्पिला होता आणि भारताविषयीच्या ऐकीव माहितीवरून नावे घेतली होती. देशाचे नाव ‘बेंगाली’, चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग ब्रदरहुड’ आणि नायकाच्या वडिलांच्या मारेकऱ्याचे नाव चक्क ‘रामा’. ही नावे जशीच्या तशी भारतात छापणे शक्य नव्हते. इंद्रजालमध्ये देश ‘डेंकाली’ झाला, सिंग चाचे ‘सिंगा’ झाले आणि रामाचा ‘रामलू’ झाला. पुढे फॉक यांनीही देशाचे नाव ‘बंगाला’ करून तो आफ्रिकेत हलवला. तरी त्या रानात वाघ आणि सिंह एकत्र नांदताना दिसत. भंडारा-गोंदियाकडे, वाघाच्या रानाशेजारी वाढलेल्या मुलालाही ते खटकत असणार, पण कथेच्या ओघात तो ते सोडून देत असावा.

कथानक

चित्रपट १९३८ साली घडतो. प्रारंभी मूळ शपथेची कथा थोडक्यात येते. त्यानंतर बेंगाला बेटावरील रानात क्विल नावाचा भाडोत्री गुंड आपल्या साथीदारांसह एका प्राचीन कवटीचा शोध घेताना दिसतो. टुगांडाच्या तीन कवट्या असून एक चांदीची, एक जेडची आणि एक सोन्याची आहे. तिन्ही एकत्र आल्या की त्यांतून अपार संहारक शक्ती प्रकट होते. फँटम त्या टोळीच्या तावडीतून एका स्थानिक मुलाची सुटका करतो, पण कवटी क्विलच्या हाती लागते. क्विल हा सेंग टोळीचा सभासद असून फँटमच्या वडिलांचा, म्हणजे विसाव्या फँटमचा, खुनी आहे. आपण ज्याला मारले तोच पुन्हा समोर उभा कसा, या प्रश्नाने तो बुचकळ्यात पडतो.

कवट्यांमागे न्यूयॉर्कचा झँडर ड्रॅक्स हा धनाढ्य उद्योगपती आहे. त्याच्या कारवायांचा छडा लावणारे वृत्तपत्रमालक डेव्ह पामर आपली पुतणी डायना हिला बेंगालाला पाठवतात. साला या स्त्रीच्या नेतृत्वाखालील वैमानिक लुटारूंची टोळी डायनाचे विमान अडवून तिला पळवते. फँटम तिला सोडवतो आणि कोसळत्या विमानातून दोघे धावत्या घोड्याच्या पाठीवर उतरतात. महाविद्यालयीन दिवसांत डायना आणि किट यांचे एकमेकांवर प्रेम होते. किट अचानक निघून गेल्यापासून ती त्याच्यावर रागावलेली आहे.

पुढे किट साध्या वेशात न्यूयॉर्कला जातो. दुसरी कवटी तेथील वस्तुसंग्रहालयात सापडते, पण ड्रॅक्स ती बळकावतो. दोन कवट्या मिळून तिसरीचा ठावठिकाणा दाखवतात. समुद्रातील एका दुर्गम बेटावर सेंग चाच्यांच्या अड्ड्यात शेवटचा सामना होतो. तिन्ही कवट्यांना आवर घालणारी चौथीही एक कवटी असल्याचे चाच्यांचा म्होरक्या सांगतो. ती म्हणजे फँटमच्या बोटातील अंगठी. अंगठीच्या बळावर तो कवट्यांची शक्ती परतवतो आणि ड्रॅक्सचा नाश होतो. शेवटी किट आपले रहस्य डायनासमोर उघड करतो, पण ते तिने आधीच ओळखलेले असते. ती न्यूयॉर्कला परत जाते.

कथेतील बरेचसे धागे जुन्या चित्रपट्टीतून घेतलेले आहेत. सेंग चाचे १९३६ च्या पहिल्याच कथेतून, साला आणि तिची टोळी त्यानंतरच्या वैमानिक लुटारूंच्या कथेतून, आणि वडिलांचा खुनी व त्याने पळवलेला कमरपट्टा इंद्रजालच्या पहिल्या अंकात आलेल्या कथेतून. जिमी वेल्स हा डायनाच्या मागेपुढे करणारा श्रीमंत तरुणही पहिल्या कथेतलाच आहे. फॉक यांचा मूळ विचार याच वेल्सला मुखवट्याआडचा माणूस करण्याचा होता. कथा चालू असतानाच तो त्यांनी बदलला. रानात राहणारा चारशे वर्षांचा पुरुष तेव्हा जन्माला आला.

निर्मिती

पटकथाकार जेफ्री बोम यांच्या नावावर ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड’ (१९८९) आणि ‘लीथल वेपन’ मालिकेतील दोन चित्रपट होते. प्रारंभी दिग्दर्शन जो डान्टे करणार होते. डान्टे यांच्या नंतरच्या सांगण्याप्रमाणे पटकथा थट्टेच्या सुरात लिहिली होती. चित्रीकरण लांबले, डान्टे दूर झाले आणि तीच पटकथा पुढे गंभीरपणे चित्रित करण्यात आली. चित्रपटातील काही संवाद अकारण भाबडे का वाटतात, याचा उलगडा यातून होतो. विनोद म्हणून लिहिलेले वाक्य कलावंताने निष्ठेने उच्चारले की त्याचे असेच होते.

सायमन विन्सर हे ऑस्ट्रेलियन. ‘लोनसम डव्ह’ (१९८९) ही दूरचित्रवाणी मालिका आणि ‘फ्री विली’ (१९९३) हा चित्रपट यांसाठी ते ओळखले जात. ऑस्ट्रेलियात फँटमचे स्वतंत्र अंक १९४८ पासून अखंड निघत असून अमेरिकेपेक्षा तेथे हा नायक अधिक लोकप्रिय आहे. बिली झेन यांनाही त्याचा परिचय ‘डेड काम’ (१९८९) या ऑस्ट्रेलियन चित्रपटाच्या चित्रीकरणादरम्यान झाला होता. भूमिका मिळाल्यावर कृत्रिम स्नायूंचा पोशाख न वापरता त्यांनी व्यायामाने शरीर कमावले. पडद्यावरील पोशाखात चित्रकथेतील पट्टेरी चड्डी वगळली गेली. चित्रीकरण कॅलिफोर्निया, थायलंड आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे झाले. घोडा, लांडगा, कवटीची गुहा आणि १९३० च्या दशकातील न्यूयॉर्क ही दृश्ये मन लावून उभी केलेली आहेत. विशेषतः रानातील प्रसंगांत संगणकाचा आधार फारसा न घेता प्रत्यक्ष केलेली साहसे आजही पाहण्यासारखी वाटतात.

मूळ कल्पनेतील फेरफार

चित्रपटाने मूळ कथेतील खूणगाठी बहुतेक सगळ्या राखल्या. पोशाख जांभळाच ठेवला, काळ १९३८ चाच ठेवला, शपथ, अंगठी, गुहा आणि घोडा जागच्या जागी ठेवले. त्या काळातील चित्रकथा-चित्रपट नायकाला काळोखी आणि खिन्न रूप देत असताना या चित्रपटाने त्याला उमदा ठेवला, हेही त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. बिघाड झाला तो दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण वडिलांचे. पॅट्रिक मॅकगूहन यांनी साकारलेला विसावा फँटम हा मेलेला माणूस वारंवार मुलासमोर प्रकट होतो, त्याला सल्ला देतो, कमरपट्ट्यावरून टोचून बोलतो आणि कथेचे निवेदनही करतो. तो फक्त मुलालाच दिसतो. मॅकगूहन यांचा अभिनय खुसखुशीत आहे आणि ही दृश्ये चित्रपटातील सर्वांत रंजक दृश्यांत मोडतात. परंतु चित्रकथेत पूर्वज बोलत नाहीत. ते वह्यांमधून वाचायला मिळतात. एकविसावा पुरुष एकटा आहे आणि त्याच्या पाठीशी केवळ लिहिलेले शब्द आहेत, ही जाणीव त्या गुहेला गांभीर्य देते. वडील पडद्यावर येऊन गप्पा मारू लागले की मृत्यूचा धाक जातो आणि वारशाचे ओझेही हलके होते.

दुसरे ठिकाण कवट्यांचे. चित्रकथेत कवटी ही शपथेची खूण आहे, मारेकऱ्याच्या हाडांचा अवशेष आहे. चित्रपटात ती किरण सोडणारे यंत्र होते. अंगठीचे तर फारच नुकसान झाले. हनुवटीवर ठसा उमटवणारी साधी धातूची वस्तू, जिची सगळी ताकद पाहणाऱ्याच्या भयात आहे, ती येथे खरोखरीची मंतरलेली वस्तू ठरते. खलनायकाचा पराभव नायकाच्या बुद्धीने किंवा त्याने पसरवलेल्या दराऱ्याने होत नाही. बोटात योग्य अंगठी होती म्हणून होतो. बोम यांनी ‘इंडियाना जोन्स’च्या साच्यात ही कथा ओतली, हे उघड आहे. त्या साच्यात शेवटी एक दिव्य वस्तू लागतेच.

क्विलचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ‘याला तर मी मारले होते’ या त्याच्या भीतीत फॉक यांची सगळी कल्पना साठवलेली आहे. मारेकऱ्याला सत्य ठाऊक नाही, प्रेक्षकाला आहे, आणि एकही चमत्कार न दाखवता अंगावर काटा येऊ शकतो. पटकथेने हा धागा हाती घेतला आणि लगेच सोडून दिला. क्विलचा अंत शेवटी कवट्यांच्या किरणांनीच होतो.

‘वेताळ’ या नावासह वाढलेल्या प्रेक्षकाला हा फेरफार अधिकच जाणवावा असा आहे. परंपरेतला वेताळ खरा होता आणि चित्रकथेतला वेताळ माणूस होता. दोघांतला फरक मुलांना पक्का ठाऊक होता. भुताच्या नावाखाली माणूस निघणे, हा भयकथेतून बाहेर पडण्याचा एक सुखद मार्ग होता. चित्रपटात माणसाच्या कथेतून पुन्हा भूत निघाले.

याच दशकात आणि नंतर आलेल्या काही चित्रपटांची गोष्ट नेमकी उलटी आहे. ‘द क्रो’ (१९९४), ‘स्पॉन’ (१९९७) आणि ‘घोस्ट रायडर’ (२००७) यांचे नायक मुळातच अलौकिक आहेत. कोणी कबरीतून परत आलेला, कोणी नरकातून, कोणी सैतानाशी केलेल्या करारात सापडलेला. तेथे अलौकिक बाहेरून आणावे लागत नव्हते. ‘द क्रो’ वाखाणला गेला, ‘घोस्ट रायडर’ने पैसा मिळवूनही समीक्षकांची नाराजी ओढवली, आणि ‘स्पॉन’मधील संगणकीय नरकावर चौफेर टीका झाली. या तिघांच्या यशापयशाची कारणे ‘द फँटम’ला लावता येत नाहीत.

नावांच्या बाबतीत मात्र चित्रपटाला तीच अडचण आली जी मुंबईच्या संपादकांना तीन दशके आधी आली होती. ‘सिंग’ टोळी येथे ‘सेंग’ झाली. एका शिखांमध्ये सर्वत्र आढळणाऱ्या नावाने चाच्यांची टोळी दाखवणे १९९६ मध्ये हॉलीवूडलाही नको होते. मूळ मांडणीतील मोठा प्रश्न मात्र तसाच राहिला. एक गोरा वंश चार शतके परक्या रानावर देखरेख करतो आणि तेथील रहिवासी त्याचे ऋणी राहतात, ही कल्पना वसाहतकाळात जन्मली. चित्रपटात गुराण हा बांदार सहकारी आहे, पण कथेला वळण देण्याचे काम त्याच्याकडे एकदाही येत नाही. चित्रपट विनोदी अंगाने गेला असता, तर निदान या मांडणीची थट्टा तरी झाली असती.

प्रतिसाद

प्रदर्शनाचा दिवस अनुकूल नव्हता. त्याच दिवशी ‘द रॉक’ प्रदर्शित झाला आणि मे महिन्यात आलेले ‘ट्विस्टर’ व ‘मिशन : इम्पॉसिबल’ अद्याप गर्दी खेचत होते. पहिल्या आठवड्याअखेरीस सुमारे ५० लाख डॉलरची तिकिटे खपून चित्रपट सहाव्या क्रमांकावर राहिला आणि तेथून घसरत गेला. अमेरिकेतील तरुण प्रेक्षकाला हा नायक आजोबांच्या वर्तमानपत्रातला वाटे. ज्या देशांत त्याला खरा वाचकवर्ग होता ते देश या व्यवसायाच्या गणितात दुय्यम होते. ‘द रॉकेटिअर’ (१९९१) आणि ‘द शॅडो’ (१९९४) या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काळातील नायकांच्या चित्रपटांनाही त्याआधी असाच थंडा प्रतिसाद मिळाला होता.

समीक्षकांचे मत विभागलेले होते. रॉजर ईबर्ट यांनी दृश्यशैलीची आणि जुन्या धाटणीची मनापासून प्रशंसा करून चारपैकी साडेतीन तारे दिले. इतर अनेकांना कथा विस्कळीत आणि नायक निरुपद्रवी वाटला. झेन यांच्या कामाविषयी तक्रार फारशी कोणी केली नाही. मुखवट्याआडून आणि ओठांच्या कोपऱ्यातून हसणारा, स्वतःवर खूष नसलेला असा फँटम त्यांनी उभा केला, आणि चित्रपट न आवडलेले वाचकही चित्रकथेतील चेहरा त्यांच्यात सापडल्याचे मान्य करतात. कॅथरीन झीटा-जोन्स यांची साला हे दुसरे जमलेले पात्र. त्या तेव्हा अमेरिकेत अपरिचित होत्या. ‘द मास्क ऑफ झोरो’ (१९९८) नंतर त्यांचे नाव झाले. झेन त्यापूर्वीच, १९९७ मध्ये, ‘टायटॅनिक’मधील खलनायक म्हणून जगभर पोहोचले.

भारतात हा चित्रपट आला तेव्हा इंद्रजाल बंद होऊन सहा वर्षे झाली होती. मधल्या काळात डायमंड कॉमिक्सने फँटमच्या कथा प्रकाशित केल्या, पण शाळकरी मुलांच्या दप्तरातील त्याची जागा एव्हाना हिंदीतील नागराज, सुपर कमांडो ध्रुव यांसारख्या देशी नायकांनी आणि केबल वाहिन्यांनी घेतली होती. जुन्या वाचकांचे वय चाळिशीकडे झुकले होते.

इतर रूपांतरे

१९९६ च्या चित्रपटाआधी १९४३ मध्ये कोलंबिया पिक्चर्सने टॉम टायलर यांना घेऊन पंधरा भागांची चित्रपटमालिका काढली होती. सचेतपटांत ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ (१९८६) मध्ये फँटम हा मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन यांच्या सोबतीने येतो, तर ‘फँटम २०४०’ (१९९४) मध्ये भविष्यकाळातील चोविसावा फँटम आहे. १९९६ च्या चित्रपटाचे पुढील भाग अपयशामुळे निघाले नाहीत. २००९–१० मध्ये रायन कार्न्स यांना घेऊन दोन भागांची दूरचित्रवाणी मालिका झाली. तिने पारंपरिक पोशाख टाकून नायकाला आधुनिक चिलखत चढवले, आणि ती जुन्या वाचकांना चित्रपटापेक्षाही कमी रुचली. तिच्यानंतर १९९६ च्या चित्रपटाकडे थोड्या ममतेने पाहिले जाऊ लागले. घरगुती चित्रफितींच्या आणि डिस्कच्या काळात त्याला एक छोटा पण निष्ठावान प्रेक्षकवर्ग मिळाला आहे.

ली फॉक यांचे १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्क येथे निधन झाले. त्यांनी सुरू केलेली दैनिक चित्रपट्टी त्यांच्यानंतर इतर लेखक व चित्रकारांनी चालू ठेवली आहे.